मडमांच्या बंगल्यातली फिरती पेटी

मित्रांनो, मला पेटी म्हणतात, पण मला झाकण नाही, कडी नाही आणि कुलूप तर कधीच नव्हतं. शिरपूरच्या अलीकडे, तापीच्या काठावरच्या तुमच्या गावाबाहेर काळ्या दगडाची एक जुनी इमारत आहे. गाव तिला मडमांचा बंगला म्हणतं. ख्रिस्ती जोगिणी, म्हणजे नन, तिथे राहत. त्या इमारतीच्या पूर्वेकडच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, मी बसवलेली आहे. मी सागाची आहे, पिंपासारखी उभी आहे आणि जागच्या जागी फिरते. तुमच्यापैकी दोघातिघांनी पैज लावून मला हात लावला आणि चपला तिथेच टाकून धूम ठोकली, ते मला ठाऊक आहे. मी रागावले नाही. पण जरा थांबला असतात तर तेव्हाच सगळं सांगितलं असतं.

बंगला १९०९ साली बांधला. त्याचा नकाशा समुद्रापलीकडच्या थंड मुलखातून आला होता. खिडक्या अरुंद, वर टोकदार कमानी, आणि छपराला असा उतार की पडलेला बर्फ घसरून जावा. खानदेशात बर्फ! गवंडी वर्षभर हसत होते. दगड सातपुड्याच्या पायथ्याहून बैलगाड्यांनी आला, कौलं आगगाडीनं धुळ्यापर्यंत आली आणि तिथून पुढे गाड्यांनी. पहिल्याच वैशाखात त्या बिचाऱ्या नन भाजून निघाल्या आणि नकाशा गुंडाळून ठेवून पश्चिमेला लाकडी व्हरांडा काढावा लागला. मधे चौक, चौकाभोवती लांब ओवरी, एका अंगाला प्रार्थनेची खोली आणि तिच्यावर घंटेचा छोटा मनोरा. भिंती अडीच हात जाड. आत गेलेला आवाज त्या भिंतींमध्ये बराच वेळ रेंगाळतो.

माझी गरज एका नियमामुळे पडली. त्या काळच्या नननी बाहेरच्या माणसाला तोंड दाखवायचं नसे आणि बाहेरच्याचं बघायचं नसे. पण पोट तर सगळ्यांना असतं. मग भाजी, दूध, टपाल आत यायचं कसं? थोरल्या मदरनं कागदावर एक गोल काढला आणि पितांबर सुताराला दाखवला. त्यानं मला घडवलं. माझं अंग एकाच बाजूला उघडं आहे. बाहेरच्यानं माझ्यात वस्तू ठेवायची, दोर ओढून घंटी वाजवायची आणि मला ढकलायचं. मी अर्धा वेढा घेते आणि वस्तू आत जाते. ना यानं त्याला पाहिलं, ना त्यानं याला.

मी चालते की नाही हे बघायला पितांबरानं माझ्यात स्वतःची शिदोरी ठेवली, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि फिरवली. ती परत आलीच नाही. आतून थोड्या वेळानं ठसका लागल्याचा आवाज आला आणि मग रिकामं फडकं आलं. पितांबर उपाशी राहिला, पण गावभर माझं कौतुक सांगत हिंडला.

कौतुकाचे ते दिवस मला फार आवडायचे. बायका नुसतं बघायला यायच्या. आतून हिवतापाच्या पुड्या येत, डोळ्यांचं मलम येत असे, शिवलेली झबली येत. मी ज्या खुंटीवर फिरते तिला करडईचं तेल मिळे. माझं तोंड आत असलं की बाहेरचं मला दिसत नसे, नुसतं ऐकू येई. बाहेर असलं की आतलं. अशी मी कायम अर्धी आंधळी. तुम्हाला गंमत वाटेल, पण त्यामुळे मी माणसांना वजनावरून ओळखायला शिकले. हात टेकला तरी मला कळतं की माणूस दमलाय की चिडलाय.

मग १९१८ ची मानमोडीची, म्हणजे जीवघेण्या फ्लूची, साथ आली. गावात रोज तिरड्या निघत होत्या. एका दुपारी घंटी वाजली, माझ्यात काहीतरी मऊ ठेवलं गेलं आणि पावलं पळत गेली. मी आत वळले. सिस्टरनं फडकं उलगडलं तर तान्हं मूल. त्या दोन महिन्यांत अशी नऊ मुलं माझ्यातून आत गेली. ज्यांच्या आया गेल्या होत्या, ज्यांना पाजायला कुणी उरलं नव्हतं, अशी. सहा वाचली नाहीत. प्रार्थनेच्या खोलीमागे, कडुनिंबाखाली, त्यांचे सहा लहान उंचवटे अजून आहेत. त्यांच्यावर नाव नाही, कारण नाव ठेवायला कुणी थांबलंच नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते ऐकून घाबरू नका. मी ऐंशी वर्षं घाबरत आले आहे, तेवढं पुरे. त्या वर्षापासून उन्हाळ्यात, भर बाराला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना माझी घंटी आपोआप वाजते. माझ्यात काहीतरी ठेवल्यासारखं होतं. मला वजन लागतं. मी अर्धा वेढा घेते, आत वळते, आणि आतल्या माणसाला दिसते ती रिकामी पेटी. पण मी रिकामी नसते. ती सहाही वजनं मला पाठ आहेत. कोणतं आलं आहे ते मी सांगू शकते.

जुन्या सिस्टर क्रुसाची खूण करून पुढे जात. अलीकडे बंगल्याचं फाटक आणि जीप दोन्ही सांभाळणारे झुलाल नाना तर हसून उडवून लावत. "ऊननं व्हस तसं," ते इथल्या अहिराणीत म्हणायचे. "लाकूड शे. तपस, सुकस, फिरस." नाना माझ्या खुंटीला तेल घालायचे, म्हणून मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही.

असं करत १९८६ साल आलं. बंगल्याची रया गेली होती. घंटेच्या मनोऱ्याला तडा गेला होता, व्हरांड्याच्या खांबांना वाळवी लागली होती, छपराची कौलं पावसाळ्यात बदलायची राहून जात. तोंड न दाखवण्याचा नियम कधीच मोडला होता. तरी मी कामावर होते, कारण आता बंगल्यात दवाखाना चाले आणि गावातल्या बायकांना काही दुखणी तोंडावर सांगता येत नसत. त्या माझ्याजवळ उभ्या राहून भिंतीला सांगत. आतली सिस्टर गोळ्या माझ्यात ठेवी. कुणी कुणाला बघत नसे, म्हणून बायका खरं बोलत.

तेव्हा आत दोनच जणी उरल्या होत्या. एक म्हाताऱ्या मदर क्लारा. त्या सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बोटीनं आल्या होत्या आणि आता गावातल्या कुठल्याही बाईइतकी चांगली अहिराणी बोलत. दुसरी सिस्टर रोझम्मा. ती केरळातून येऊन चारच महिने झाले होते. ती शिकलेली नर्स होती, हाताची भारी चलाख. पण इथली भाषा तिला येत नव्हती. मोडकं हिंदी आणि खाणाखुणा यांवर तिचं चाले.

आणि गावात भागाबाई होती. तिला तीन मुलं झाली होती आणि तिन्ही आठवा दिवस उलटायच्या आत गेली होती. तुमच्या घरात कुणी भिकन किंवा उखर्डू नावाचे आजोबा असतील तर त्यांना विचारा, हे नाव कसं पडलं. ज्या घरात मूल जगत नाही, तिथे नव्या बाळाला चिंधीत गुंडाळून उकिरड्यावर टाकतात. दुसरीच बाई ते उचलते. मग आई पाच घरचं धान्य मागून आणते आणि त्या बाईपुढे पदर पसरून स्वतःचंच मूल भीक म्हणून मागून घेते. मूल आता मागून आणलेलं, परक्याचं. मरण त्या घरी आलं तरी त्याला ओळखत नाही, असं लोक समजतात. यात एकच अट कडक असते. टाकल्यापासून भीक मिळेपर्यंत आईनं "माझं" हा शब्द उच्चारायचा नाही.

भागाबाईच्या तिसऱ्या मुलाला उकिरड्यावर टाकून झालं होतं. तरी ते गेलंच. म्हणून चौथ्या वेळी गावच्या सुईणीनं, आक्काबाईनं, नवीनच तोड काढली. मूल मडमांच्या पेटीत टाका. तिच्यातून आत गेलेलं मूल कुणाचंच राहत नाही, हे गावाला मानमोडीपासून माहीत होतं. भागाबाईची नणंद बेबाबाई दवाखान्याचे कपडे धुवायला बंगल्यात जायचीच. तिनं आतल्या बाजूला उभं राहायचं, मूल उचलायचं, भागाबाई धान्य घेऊन आली की ते तिला भीक घालायचं. मडमांना सांगायची गरज कुणाला वाटली नाही. दोन घटकांचं तर काम.

मे महिना होता. बाळ सहा दिवसांचं. बेबाबाई ओवरीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा माझं तोंड बाहेर होतं, म्हणून मला तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. बाहेर रस्ता रिकामा. भागाबाई अजून वळणावर होती. आणि घंटी वाजली.

मित्रांनो, ती कुणी वाजवली ते मला विचारू नका. दोर हलताना मला दिसला, हात दिसला नाही. माझ्यात एक वजन आलं, सहांतलं सगळ्यात हलकं. मी फिरले. बेबाबाईनं हात पुढे केले, माझ्यात पाहिलं आणि किंचाळली. "पेटी रिकामीच फिरनी! कोनी व्हतं नही!" तिला वाटलं, मूल मधल्या मधेच कुणीतरी नेलं. ती मागच्या दारानं जी पळत सुटली ती संध्याकाळपर्यंत कपाशीच्या रिकाम्या शेतात एका बांधाआड बसून होती.

मी चिडले होते, घाबरलेही होते. आजवर मी कधी कुणाचं नुकसान केलं नव्हतं. झुलाल नाना जेवायला जाताना मला पुन्हा बाहेर वळवून गेले आणि आत आता कुणीच राहिलं नाही.

भागाबाई आली. तिनं बाळ माझ्यात ठेवलं. सहा दिवसांची बाळंतीण, उन्हात चालून आलेली. रीतीप्रमाणे तिनं मान वळवली, मला ढकललं, घंटी वाजवली आणि मागे न बघता पाच घरं मागायला निघून गेली.

घंटी ऐकून आली ती सिस्टर रोझम्मा. तिला दिसलं चिंधीतलं, टाकून दिलेलं मूल. तिनं त्याला उचललं आणि तिचा चेहरा बदलला. बाळाचा जबडा आवळलेला होता, ओठ घट्ट मिटलेले, पाठ ताठ. सकाळपासून ते प्यायलं नव्हतं. भागाबाईला वाटलं होतं की ते रुसलं आहे. सिस्टरनं मात्र ओळखलं. तिनं नाळ पाहिली आणि कपाळावर हात मारला. हा धनुर्वात होता. विळ्यानं नाळ कापली की होतो तो. "जीप! झुलाल को बुलाओ! धुळे जाना है, अभी!" ती ओरडत धावली. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता.

नाना जेवण टाकून येईपर्यंत वेळ गेला. तेवढ्यात भागाबाई सूप भरून ज्वारी घेऊन परतली. तिनं मला आपल्याकडे वळवून सूप माझ्यात ठेवलं, घंटी वाजवली, मला ढकललं आणि म्हणाली, "भीक वाढ वो माय."

आत सिस्टर होती, एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं बाटली उकळत. सुगीनंतर गावातल्या बायका दवाखान्याला धान्य द्यायच्या. तिला वाटलं, तसंच काही. तिनं ज्वारी ओतून घेतली आणि आभाराचा एक पाव माझ्यात ठेवून मला फिरवलं.

भागाबाईनं पाहिलं. मुलाच्या जागी पाव.

तिला वाटलं, बेबाबाई विसरली असेल. तिनं पाव तसाच ठेवला, पुन्हा घंटी वाजवली. "भीक वाढ वो माय. भीक वाढ." आतून एक झबलं आलं. तिचं तोंड पांढरं पडलं. मी तिच्यासमोर होते, माझ्या तोंडात ते झबलं होतं, आणि मला काही करता येत नव्हतं. आजवर मी हजार वेळा फिरले, पण एवढी लाज मला कधी वाटली नाही. तिसऱ्यांदा तिनं घंटी वाजवली तेव्हा तिचा आवाज फाटला होता. नुसतं "भीक, भीक" एवढंच म्हणत होती. तिला जे हवं होतं त्याचं नाव घ्यायला तिला बंदी होती. आतून आल्या तापाच्या दोन गोळ्या.

आणि मागच्या अंगणात जीप सुरू झाली. त्या आवाजावर बाळ रडलं. आवळलेल्या ओठांतून आलेलं बारीक, चिरकं रडणं होतं ते, पण ऐकणारी आई होती. तिच्या चोळीला दूध फुटलं.

"मना पोऱ्या शे तो!" भागाबाई ओरडली. "मना शे! मना!"

त्या जाड भिंतींमध्ये तो बंदी असलेला शब्द, 'माझा', गेला आणि घुमत राहिला. आत पावलं थांबली. सिस्टरला शब्द कळला नाही, आवाज मात्र कळला. त्याच वेळी मदर क्लारा काठी टेकत ओवरीत आल्या. त्यांना सगळं एका क्षणात कळलं, कारण त्या सत्तेचाळीस वर्षं इथे होत्या. त्यांनी नानांना जीप पुढच्या दाराला आणायला सांगितलं आणि स्वतः बाळ घेऊन बाहेर आल्या.

पण भागाबाई मागे सरकली. दोन्ही हात पाठीशी धरून ती भिंतीला टेकली. "आते मी त्याले हात लावनार नही," ती म्हणाली. "मी बोलनू ना. मी हात लाया ते तो मरी जाई."

सिस्टर रोझम्मा घड्याळ दाखवत होती. "मदर, टाइम नहीं है." बाळाला आईची गरज होती, वाटेत, दवाखान्यात, सगळीकडे. आणि आई त्याला शिवायला तयार नव्हती.

मदर क्लारांनी डोकं जरा तिरकं केलं आणि कानाला हात लावला. "काय बोलनी तू?" त्या म्हणाल्या. "माले काही ऐकू उनं नही. मी बहिरी शे."

त्या बहिऱ्या नव्हत्या. ओवरीच्या पलीकडच्या टोकाला पडलेली सुई त्यांना ऐकू येई.

"कोनीच काही ऐकं नही," मदर म्हणाल्या. "पुन्हा भीक माग." त्या आत गेल्या, बाळ त्यांनी माझ्यात ठेवलं आणि बाहेरून भागाबाई रडत म्हणाली, "भीक वाढ वो माय." त्यांनी मला फिरवलं. इतकं हळू मला कधी कुणी फिरवलं नव्हतं. भागाबाईनं माझ्यातून तिचं मूल उचललं, छातीशी धरलं, आणि त्या दोघांना आणि सिस्टरला घेऊन जीप धुळ्याच्या रस्त्याला लागली.

तिसऱ्या दिवशी ते बाळ गेलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सिस्टरला स्पष्ट सांगितलं की रोग आदल्या रात्रीपासूनच अंगात होता, तास-दोन तासांनी काही फरक पडला नसता. सिस्टरनं ते मदरना सांगितलं तेव्हा दोघी माझ्याशेजारीच उभ्या होत्या. म्हणून मला माहीत आहे.

आता खरं दुखणं पुढे आहे. रस्त्यानं बकऱ्या नेणाऱ्या कुणीतरी भागाबाईचं ओरडणं ऐकलं होतं. आठ दिवसांनी तिच्या सासरची माणसं बंगल्यावर आली. तिचा नवरा आधार होता, म्हातारा सासरा होता, मागे आक्काबाई. आणि सगळ्यात मागे भागाबाई, पदर तोंडावर. त्यांना आत यायचं नव्हतं. ती सगळी माणसं माझ्यासमोर उभी राहिली, आणि पलीकडे मदर.

"मदर, तुम्ही देवना मानूस," सासरा म्हणाला. "हाई बोलनी का नही बोलनी, तेवढं सांगा. बोलनी व्हई ते आम्ही इले घरमा ठेवनार नही."

आत सिस्टर रोझम्मा मदरच्या कानाशी हिंदीत कुजबुजली. खरं कारण सांगा. विळा म्हणा. मदरनी मान हलवली. विळ्याचं आज कुणी ऐकणार नव्हतं. ऐकलं असतं तर आक्काबाईला दगड मारले असते, आणि भागाबाईला तरीही घरात घेतलं नसतं. माझ्या कडेवर टेकलेला मदरचा हात मला लागत होता. देवाची आण घेऊन त्या जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या, हे मी त्या हाताच्या वजनावरून सांगते.

"नही बोलनी," मदर म्हणाल्या. "देवनी आन. मी तठेच व्हतू."

माणसं गेली. आधारनं बायकोला घरी नेलं. मदर तिथेच दगडावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं, भागाबाई वाचली. आज मला तसं वाटत नाही. मदरच्या खोट्यानं तिचं घर राहिलं. पण ती बोलली होती हे तिला ठाऊक होतं. आता ते जगात कुणाला सांगायची सोय उरली नाही. बोलल्यानं मूल मरतं, हेही त्या उत्तरानं जणू कबूल केल्यासारखं झालं.

सिस्टर रोझम्मानं हार मानली नाही. त्या पावसाळ्यापासून ती उकळलेलं ब्लेड आणि दोरा कागदात बांधून ठेवू लागली. बाईचे दिवस भरत आले की तिची सासू किंवा जाऊ माझ्याजवळ येई, घंटी वाजवी आणि मी ती पुडी बाहेर देई. पहिली पुडी न्यायला आली ती आक्काबाई. तिनं पुडी पदरात बांधली आणि मला हात जोडून गेली. दोन वर्षांनी भागाबाईला मुलगी झाली. तिची नाळ त्या ब्लेडनं कापली. मुलगी आठव्या दिवशी जगली, नवव्या दिवशी जगली, आज तुमच्याच शाळेत आहे. सिस्टरनं भागाबाईला हिंदीत, खुणांनी, चित्र काढून समजावलं की पोरं विळ्यानं गेली. भागाबाई मान हलवायची, हो म्हणायची. पण माझ्या कडेवरचा तिचा हात हो म्हणत नव्हता.

मदर क्लारा १९८९ मध्ये वारल्या. त्यांना कडुनिंबाखाली, त्या सहांच्या शेजारी पुरलं. १९९३ साली सिस्टर रोझम्माची बदली झाली आणि बंगला बंद पडला. बाकं ट्रकमधून गेली, मनोऱ्यातली घंटा गेली. झुलाल नानाही आता नाहीत. माझ्या खुंटीला तेल नाही, माझ्या एका फळीला भेग पडली आहे आणि आत घुबडं राहतात. गावात म्हणतात, बंगला झपाटलेला आहे, दुपारी पेटी आपोआप फिरते. खरंच फिरते. फक्त आता वजनं सात झाली आहेत. सातवं मी दोनदाच तोललं होतं, एकदा आत जाताना आणि एकदा आईकडे देताना, पण ओळखायला एकदाही पुरे असतं.

आणि एक बाई येते. आठवड्यातून एकदा, बाराच्या सुमाराला, शेतावर भाकरी पोहोचवून परत जाताना. ती भागाबाई. घंटीचा दोर कुजून पडला आहे, म्हणून ती नुसतीच उभी राहते. माझ्या उघड्या बाजूनं हात आत घालते, फळीवर टेकते आणि म्हणते, "मी बोलनू व्हतू. मनामुळे गया तो." कधीकधी तेव्हा सातवं वजन माझ्यात असतं, तिच्या तळव्याच्या अगदी खाली. तिला ते कळत नाही. मला कळतं, आणि मला सांगता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात, आम्हाला सांभाळा, आमची निगा राखा. मीही करणार होते. पण बंगल्याचे दगड आणि लाकूड काढून नेणार आहेत असं परवा दोन माणसं मोजमाप घेताना बोलत होती. ते काढोत. पितांबराचं काम पुष्कळ टिकलं. मला तेलही नको, रंगही नको. तुम्ही मोठ्या शाळेत जाता, धनुर्वात कशानं होतो ते तुमच्या पुस्तकात छापलेलं आहे. तुम्हाला तोंड आहे आणि तुम्ही अहिराणी बोलता. खरं कारण ठाऊक असलेलं आणि ते तिच्या भाषेत तिला सांगणारं माणूस तिला आजवर भेटलं नाही. एखाद्या दुपारी पैज न लावता या, आणि पळू नका. ती इथे उभी असेल. तिच्या जवळ जा आणि तिच्या भाषेत तिला सांगा, "मायबाई, तो तुनामुळे गया नही." एकदा सांगून ती ऐकणार नाही. पुन्हा सांगा.